काकांच्या पाण्याच्या गोळ्या

लोहाऱ्याजवळच्या खेड्यात महालिंगप्पा काकांकडं जी राहायची, तिचं नाव बापानं शरणबसप्पा ठेवलेलं. शाळेत असतानाच तिनं मनातल्या मनात स्वतःचं नाव नीलम्मा करून टाकलं होतं. आईचं लुगडं नेसलेली बापाला दिसली, त्या दिवशी तिचं घर सुटलं. काका बापाचे थोरले भाऊ, बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्यांनी काही विचारलं नाही. ठेवून घेतलं आणि गावच्या दूध सोसायटीत कॅन धुण्याच्या कामाला लावलं.

घरात आणि सोसायटीत ती 'आलो, गेलो' म्हणायची. 'आले, गेले' फक्त सारजाबाईसमोर. सारजाबाई यल्लम्माची जोगती, तीही पुरुषाच्या जन्माची. तिचं एकच म्हणणं, "आतला नर काढल्याबिगर तू बाई व्हायची न्हाईस." काढायचं म्हणजे चाकूनं. त्या चाकूखाली मेलेल्या एकीची माती नीलम्मानं पाहिली होती. तिचं धाडस होईना. मग सारजाबाईनं बायकांच्या पाळणा लांबवायच्या गोळ्या कुठून तरी आणून दिल्या. नीलम्मानं त्या कितीतरी महिने खाल्ल्या. मळमळ झाली. दाढी मात्र होती तशीच.

अशात जुन्या काविळीनं काकांच्या पोटात पाणी झालं. सोलापूरच्या डॉक्टरनं पाणी उतरायच्या गोळ्या दिल्या. पोट उतरलं, पण छाती वर आली. एका सकाळी काका धोतराचा सोगा गळ्यापर्यंत ओढून ओट्यावर बसले होते. डोळे भरलेले.

"शरण्या, ह्या गोळ्या मला बाई करायल्यात रं. लोकांसमोर अंगरखा काढायची सोय ऱ्हायली न्हाई."

नीलम्मानं "उतरंल काका" म्हटलं खरं, पण 'बाई करायल्यात' एवढेच शब्द तिनं मनात धरून ठेवले. डॉक्टरकडं ती सोबत गेली. तो सहज बोलून गेला, या औषधानं पुरुषाचा जोर दबतो, काहींना असं होतं. त्यानं औषध बदललं. उरलेल्या गोळ्या कोनाड्यात राहिल्या. तिथून त्या नीलम्मानं उचलल्या.

पाळण्याच्या गोळीबरोबर ती आता हीही घेऊ लागली. पहाटे जाग आली की अंगाचं जे बंड तिला शरमेनं मारायचं, ते निवलं. कैक वर्षांत पहिल्यांदाच तिचं शरीर तिच्याशी भांडायचं थांबलं. गालावरचे केस मऊ पडले. छातीत गाठ धरली. कॅनचा काठ लागला की कळ मस्तकात जायची आणि तिला हसू यायचं. उरलेल्या गोळ्या संपल्या तेव्हा रिकामं पाकीट घेऊन ती एसटीनं सोलापूरला गेली आणि दुकानातून तसल्याच घेऊन आली.

मग शहाऐंशीचा उन्हाळा आला. विहिरींनी तळ दाखवला. जनावरं छावणीला गेली, सोसायटीत दूध येईनासं झालं. टँकर आला की बायकांची एक रांग, गड्यांची एक. ती गड्यांच्या रांगेत मान खाली घालून उभी राहायची. गोळी अंगातलं पाणी ओढून काढणारी. सारखी तहान, सारखी लघवी. सोसायटीचे गडी भिंतीकडं तोंड करून मोकळे होत. तिला तिथं उभं राहवेना. बायका अंधार पडल्यावर बाभळीआड जात. तिथं तिला कोण येऊ देणार? त्यापेक्षा पाणीच नको, असं तिनं ठरवलं. जीभ टाळ्याला चिकटायची, तरी ती तांब्याला हात लावायची नाही.

पाय जड पडू लागले. छातीत मधेच एखादा ठोका चुकायचा. एका दुपारी टँकरच्या पाण्याचा कॅन उचलता उचलता ती खाली कोसळली.

दवाखान्यात तिला बायकांत ठेवावं की गड्यांत, हे कुणाला ठरवता येईना. खाट व्हरांड्यात टाकली. तरुण डॉक्टर सलाईन लावून शेजारी बसला.

"कुठलं औषध घेतोस?"

"पाण्याच्या गोळ्या घेते."

'घेते' तोंडातून निसटलं. डॉक्टरनं मान वर केली. तो हसला नाही, रागावला नाही. तिनं होतं ते सगळं सांगून टाकलं.

त्यानं तिची नाडी पुन्हा धरून पाहिली. मग म्हणाला, "याचं मला कुणी काही शिकवलेलं नाही. एवढं कळतं, की पाण्याविना ही गोळी रक्तातला खार वाढवते. एखाद्या दिवशी काळीज जागेवर थांबेल. बंद कर."

"मग माझं कसं व्हायचं?"

त्यानं उठून सलाईनची बाटली बदलली.

तिनं गोळ्या बंद केल्या. महिन्या-दीड महिन्यात पहाटेचं बंड परतलं, दाढी राठ झाली. छातीतली गाठ तेवढी राहिली, कुणाला दाखवता न येणारी.

त्याच पावसाळ्यात काकांचं पोट पुन्हा फुगलं. बदललेलं औषध लागू पडेना. डॉक्टरनं पहिल्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या. रोज सकाळी नीलम्मा गोळी आणि पाणी पुढं करायची, काका तोंड फिरवायचे.

"घ्या काका. न्हाईतर जीव जाईल."

"कोनाड्यातल्या तूच खाल्ल्यास न्हवं ह्या?" एकदा त्यांनी विचारलं.

तिनं 'व्हय' म्हणून मान हलवली.

"तुला पायजे होत्या तर सोसल्या न्हाईत, मला नको तर सुटंनात. देवाची बी काय वाटणी ही!" एवढं बोलून त्यांनी गोळी गिळली.

त्यानंतर काका दोन वर्षं काढून गेले. छाती दिसू नये म्हणून त्यांना दुसऱ्या कुणाच्या हातची अंघोळ चालत नसे. नीलम्माच दार लावून त्यांना अंघोळ घालायची. दोघंही एकमेकांकडं पाहत नसत.

काकांच्या मागं घर बापाकडं गेलं, नीलम्मा सोसायटीच्या पडवीत राहू लागली. सारजाबाई दोनदा न्यायला आली. चाकूच्या भीतीनं ती गेली नाही. दवाखान्यात नवा डॉक्टर आला की मात्र ती एकदा तरी जायची आणि छातीवर हात ठेवून विचारायची, "ह्याच्यावर दुसरी एखादी गोळी हाय का वो?" बहुतेकांना प्रश्नच कळायचा नाही. एकानं खोकल्याचं औषध दिलं, ते तिनं मुकाट्यानं घेतलं.