एकच औषध उरलं तेव्हा

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी आपोआप वाढतात: प्लेटवरचे जंतू आणि किस्से. जंतूंची निदान विल्हेवाट लावता येते. मी बालाघाटच्या एका हॉस्पिटलात मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. कोणत्या जंतूवर कोणतं अँटिबायोटिक चालतं, हे शोधणं माझं काम. हे किस्से एकट्या पुष्पाच्या आजारपणातले!

पुष्पा जवळच्या हट्टा गावाकडची. बाळंतपणानंतर ताप चढला तो उतरेना. इन्फेक्शन रक्तात गेलं असावं, असं वॉर्डाचे डॉक्टर, नागपुरे सर, यांना वाटत होतं. मी तिच्या सासूला, शेवंताबाईंना विचारलं, "आधी काय काय दिलंत?"

त्यांनी पिशवीच पलंगावर ओतली. गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या अर्धवट!

"एकही कोर्स पूर्ण नाही, मावशी?"

"ताप उतरला का बंद. उगाच काहून खाच्या? शेजारनीच्या उरल्या होत्या, त्या बी कामी आल्या!"

*

तपासणीसाठी पुष्पाचं रक्त घेतलं, पण बाटली लॅबमध्ये येईना. मी तणतणत वॉर्डात गेले. मेश्राम सिस्टरनी शांतपणे फ्रिज उघडला. इडलीच्या पिठाशेजारी पुष्पाची बाटली!

"नासू नये म्हणून ठेवली, मॅडम."

"अहो, त्यातले जंतू वाढायला हवेत! त्यांना ऊब लागते!"

"जंतू वाढवाचे? अन् इकडे पोरगी मरून राह्यली, ते?"

पुन्हा रक्त घ्यावं लागलं. दिवस वाया गेला. पुष्पाकडे असे वाया घालवायला दिवस आहेत की नाहीत, कुणालाच ठाऊक नव्हतं.

*

वॉर्डात प्रत्येक पलंगाला सॅनिटायझरची बाटली टांगलेली. राउंडवर सरांनी शेजारचा पेशंट तपासला आणि तोच हात पुष्पाच्या सलाइनच्या नळीकडे नेला. मी मध्येच ओरडले, "सर, हात!"

सरांनी बाटली दाबली. काहीच येईना. पुन्हा दाबली. सील पॅक!

सिस्टर म्हणाल्या, "इन्स्पेक्शन हाय न, सर. बाटल्या भरेल दिसाले पाह्यजे."

सगळे हसले. पुष्पा दात वाजवत थरथरत होती. मला हसू आलं नाही.

*

रिपोर्ट तयार झाला. प्लेटवर जंतू पसरून त्यावर औषधांच्या चकत्या ठेवतात. औषध चाललं, तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल पडतो. पुष्पाच्या प्लेटवर गोल एकच होता.

मी शेवंताबाईंना लॅबच्या दारात बोलावलं आणि प्लेट दाखवून चांगलं लेक्चर दिलं. "पाहा मावशी, बाकीची सगळी औषधं बेकार झाली. अर्धवट गोळ्या खाऊन आपणच जंतूंना तयार केलं. आता हे शेवटचं औषध!"

त्यांनी प्लेट निरखून पाहिली. "हेच चालते न?"

"हो."

"मंग पयल्याच दिवशी हेच काहून नाई देल्लं? बाकीच्यायचा तमाशा कशाले?"

मागे सर उभे होते. म्हणाले, "जवाब दो, मॅडम!"

*

पुष्पाच्या नवऱ्यानं इंजेक्शन गोंदियाहून आणलं. ते द्यायलाही भीतीच, कारण किडनीवर मार बसतो. सर रोज आधी लघवीची पिशवी पाहायचे, मग पुष्पाला. मेश्राम सिस्टर मला दुरूनच थर्मामीटर दाखवून मान हलवायच्या. नाही. आजही नाही.

एका सकाळी सिस्टरनी मान हलवलीच नाही, नुसत्या हसल्या. मी धावत गेले. पुष्पा उठून बसली होती.

"मॅडम, भूक लागली. पन सिस्टरच्या फ्रिजातलं काई नोको!"

*

काही आठवड्यांनी शेवंताबाई ओपीडीत आल्या. काखेत पुष्पाचं बाळ, गुटगुटीत, नाक वाहणारं. मी सगळी कामं टाकून पळत गेले. सरांनी बाळाला तपासलं. "साधी सर्दी आहे. काहीच औषध नको."

शेवंताबाई माझ्याकडे पाहून ओळखीचं हसल्या. पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं. आत बर्फ. बर्फात साडीच्या चिंधीत गुंडाळलेल्या दोन शिशा. पुष्पाच्या इंजेक्शनच्या, उरलेल्या.

"दुकानात वापस नाई केल्या, जपून ठेवल्या. तुमीच त दाखवलं होतं न, मॅडम, बाकी सारे बेकार हायत. या वक्ती याच्यापासूनच सुरू करा!"