आईच्या गाठी आणि भावाचं बटण

वस्तू हरवण्यात आमच्या घरात माझा हात कुणी धरणार नाही. चष्मा, स्कूटरची चावी, शाळेच्या कपाटाची चावी, एकदा तर पायातली एक चप्पल. शाळेत पोरांना आपापल्या वस्तू जपायला रोज दरडावते आणि घरी आल्यावर पहिला तास स्वतःच्या वस्तू शोधण्यात घालवते. अशा वेळी आई काही बोलत नाही. पदराचं टोक हातात घेते, त्याला एक गाठ मारते आणि भाकऱ्या थापायला बसते. वस्तू सापडली की गाठ सोडायची, त्याआधी तिला हात लावायचा नाही. आमच्याकडे सगळ्याच बायका हे करतात. पण आईइतक्या गाठी कुणाच्याच पदराला पडल्या नसतील, आणि त्याचं सगळं श्रेय माझं.

धाकटा भाऊ नवी मुंबईत नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने फोनवर त्या बटणाची बातमी दिली. एक मोठी कंपनी म्हणे कोटाच्या बटणाएवढी चकती काढणार होती. ती चावीला अडकवायची, की चावी कुठे पडलीय ते मोबाइलच्या नकाशावर दिसणार. "पुढच्या महिन्यात येतंय, ताई. तुझ्यासाठी डझनभर घ्यावी लागतील." पुढच्या महिन्यात म्हणाला, दिवाळीला येतंय. दिवाळीला म्हणाला, आता फोटोच बाहेर आलाय, म्हणजे नक्की. फोटो बघितला तर अंधारात ठेवलेल्या पेढ्यासारखं काहीतरी गोल. मला असल्या येणार-येणारचा भयंकर राग येतो. आमच्या गावात नळाचं पाणीही कितीतरी वर्षं असंच येत होतं. "ते बटण राहू दे, तू ये आधी," मी म्हणाले. तो गणपतीला दीड दिवस येतो आणि विसर्जन झालं की पहिल्या एसटीने परत जातो.

पण खोटं कशाला बोलू, वाट मीही बघत होते. गावभर बातमी मीच केली. शेजारच्या माडवाल्या काकांना कोयत्याला लावायला एक हवं होतं. मुरुडहून मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या मावशीने विचारलं, जाळं वाहून गेलं तर सांगेल का? विश्वास नव्हता तो एकट्या आईचा.

"माजी गाठ हाय ना," ती म्हणायची. "तिला चारजिंग लागत न्हाय."

एका संध्याकाळी भावाचा फोन आला. बटणाची तारीख जाहीर झाली होती आणि स्वारी खुशीत होती. फोन स्पीकरवर होता, आई सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आदी हरवलेलं गावंल का रं त्यात?"

"नाही गं आई. आधी वस्तूला लावून ठेवावं लागतं. काय हरवलंय?"

"काय न्हाय. आसंच इचारलं."

भावाने विषय बदलला, पण मला कळायचं ते कळलं.

बाबा शहरात कारखान्यात कामाला होते. पहिल्या पगारातून त्यांनी एक चावीचं घड्याळ घेतलं होतं. दर वर्षी ते रजा टाकून भाताच्या लावणीला यायचे. माझ्या जन्माआधीच्या एका लावणीला त्यांनी चिखलात उतरताना ते घड्याळ काढून आईकडे दिलं. आईने ते पदराच्या टोकात बांधलं आणि पदर कमरेला खोचला. दुपारी बघते तर टोक मोकळं. अंधार पडेपर्यंत दोघं हातांनी चिखल चाचपत होते. शेवटी बाबा हसून म्हणाले, "जाऊंदे गं, शेतालाबी येळ कळाया नको?" त्यानंतर त्यांनी नवं घड्याळ घेतलं नाही, जन्मभर दुसऱ्यांना वेळ विचारत राहिले. आईला तेच लागलं. "वरडले आसते तर फिटलं आसतं," असं ती अजून म्हणते. त्या रात्री तिने त्याच पातळाच्या पदराला गाठ मारली. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. पातळ ट्रंकेत आहे, आणि गाठ तशीच. लहानपणी आम्हा दोघांना त्या ट्रंकेला हात लावायची बंदी होती.

अखेर बटण आलं. गणपतीला भावाने तीन आणली. एक माझ्या स्कूटरच्या चावीला, एक चष्म्याच्या घराला आणि तिसरं आईच्या चाव्यांच्या जुडग्याला. तो जुडगा तिच्या कमरेचा कधी सुटला नव्हता, हरवायचं तर लांबच. ते बटण त्याने आईच्या मोबाइलला जोडलं आणि त्याच्या मोबाइलवरही दिसेल असं करून ठेवलं. आठवड्याभरात माझा चष्मा तांदळाच्या डब्यात पिकपिक करत सापडला. मी माझे शब्द मागे घेतले.

भातकापणी झाल्यावर एका रविवारी भावाचा फोन आला. "ताई, आई कुठाय? तिच्या चाव्या शेतात दिसतायत."

चाव्या तर, कधी नव्हे त्या, समोर खुंटीला होत्या. हातात घेऊन बघितल्या तर बटण गायब. आई घरात नव्हती, आणि ट्रंक उघडी. स्कूटर काढली आणि तडक शेतावर गेले.

आई बांधावर बसून मातीचे हात गवताला पुसत होती. मांडीवर ते जुनं पातळ होतं. त्याची गाठ सुटलेली होती आणि तेवढ्याच जागी मूळचा हिरवा रंग शिल्लक होता. आई सापडली हे सांगायला मी भावाला फोन लावला, स्पीकरवर.

"बटन पुरलं मी," आईच म्हणाली. "ह्या कोपऱ्यात. इथंच पडलेलं त्यांचं घड्याळ."

मी वैतागले. "अगं, बटणाने घड्याळ सापडणार नाहीये! सांगितलं होतं ना त्याने?"

"ठावं हाय मला. मी काय येडी हाय? मी हाय तवर जागा मला ठावं हाय. मी गेल्यावर तुमी कोनाला इचारनार?"

मी तिच्या शेजारी बसले.

"आणि गाठ सोडलीस ती?" मी विचारलं.

"जागा राखाया ठेवलंय की त्याला. आता गाठ कशाला?"

फोनवरून भाऊ म्हणाला, "आई, त्याची बॅटरी वर्षभरच चालते गं."

आई फोनकडे बघून म्हणाली, "मंग वर्षानं येऊन बदल."

फोनमधून त्याच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

"लावणीला येतो, आई," तो म्हणाला. "रजा टाकून."