नऊ वाजून पाच मिनिटांनी

तो नियम माझा होता, हे आधीच सांगून टाकते. पुढे लोक मला त्या नियमाविरुद्ध भांडलेली बाई म्हणून ओळखायला लागले, म्हणून सांगणं भाग आहे.

ऐंशीच्या दशकात मी इंग्लंडमध्ये स्लाऊजवळच्या एका पॉलिटेक्निकमध्ये केमिस्ट्री शिकवायला लागले. नवरा हॉस्पिटलात डॉक्टर. मी पुण्याहून एमएस्सी करून आलेली, पीएचडी इथली. फर्स्ट इयरची लॅब कोणालाच नको असायची, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. मुलं साडेनऊला डोळे चोळत यायची, सुरुवातीच्या सेफ्टीच्या सूचना बुडवायची आणि मग ॲसिडची बाटली हातात धरून "आता काय करू?" असं मलाच विचारायची. एकदा एका मुलीचा हात भाजला. त्याच आठवड्यात मी नियम केला. नऊला सूचना, नऊ वाजून पाच मिनिटांनी दार बंद. सूचना ऐकल्या नसतील तर आत यायचं नाही. अशा तीन लॅब चुकल्या तर वर्षाच्या परीक्षेला बसायचं नाही. डिपार्टमेंटने तो लगेच हँडबुकात छापला. मला काय अभिमान वाटला होता! गोऱ्या सहकाऱ्यांना इतकी वर्षं जमलं नाही ते मी करून दाखवलं, असं महिनाभर मी नवऱ्याला ऐकवत होते.

ऑक्टोबरमध्ये लॅबमधली सगळी स्टुलं भरलेली असत. ईस्टरनंतर निम्मी रिकामी. "कच्चे होते ते गळले," असं म्हणत आम्ही स्टाफरूममध्ये चहा प्यायचो. सोडून जाणाऱ्यांसाठी एक फॉर्म असायचा, त्यात कारणासाठी एक चौकोन. मूल समोर उभं असायचं. मी विचारायची, "पर्सनल रीझन्स लिहू ना?" ते मान हलवायचं आणि दोन मिनिटांत काम उरकायचं.

पुढे पॉलिटेक्निकचं विद्यापीठ झालं. पाटी बदलली, लेटरहेड बदललं, दार तेच राहिलं. त्यानंतर दोनएक वर्षांनी ती आली, लंडनच्या हॅरो भागातली मराठी मुलगी. तिच्या आईवडिलांना मी गणपती-संक्रांतीच्या कार्यक्रमांतून चांगली ओळखत होते. आई नर्स, वडील बस डेपोत. मुलगी मला लहानपणापासून मावशी म्हणायची. पहिल्याच दिवशी मी तिला बाजूला घेऊन बजावलं की इथे मावशी नाही. "येस, मॅडम," ती हसून म्हणाली.

खरी गोम इथेच आहे. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, या धास्तीने आम्ही परदेशात आपल्याच माणसाशी दुप्पट कडक वागतो, आणि वर त्यालाच न्याय समजतो. दुसरी मुलं लॅबला नाही आली तर मी निदान कॉरिडॉरमध्ये "काय झालं?" एवढं तरी विचारायची. तिला तेही विचारलं नाही.

नोव्हेंबरात ती पहिल्यांदा दाराबाहेर राहिली, जानेवारीत दुसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी मी तिला दाराच्या काचेतून पाहिलं. नऊ वाजून सात मिनिटं झाली होती. अंगात पांढरा कोट, डोळ्यांवर लॅबचा गॉगल. वेळ वाचावा म्हणून दोन्ही तिने बसमध्येच चढवले होते. धापा टाकत ती नुसती उभी होती, काचेवर टकटकसुद्धा केली नाही. वर्गातली दोन-तीन मुलं माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आज माझी परीक्षा आहे. मी फळ्याकडे वळले.

आठवड्याभराने ती फॉर्म घेऊन माझ्या खोलीत आली.

"मावशी... सॉरी, मॅडम. साइन पाहिजे."

"वेळेवर का येत नव्हतीस?" हे मी तेव्हा विचारलं, फॉर्म पुढ्यात आल्यावर.

"आजोबांना स्ट्रोक झाला ना, त्यांना अलोन ठेवू शकत नाही. डॅड पाचला जातात. ममचा नाइट शिफ्ट असतो तेव्हा ती आठला घरी येते, मग मी निघते. अक्सब्रिजपर्यंत ट्रेन, मग बस. बस लगेच मिळाला तर मी नऊला पोचते. नाही मिळाला तर नाही."

"मग मला सांगायचं नाही का?"

"मम म्हणते, घरातलं बाहेर सांगायचं नाही." मग ती म्हणाली, "आणि तुम्ही विचारलं पण नाही."

अजून वेळ गेलेली नव्हती. मी हेडकडे जाऊ शकत होते, एका दुपारी तिची लॅब भरून घेऊ शकत होते. नियम माझाच होता, मी मोडला असता तर कोणी मला फासावर दिलं नसतं. पण 'आपल्यातल्या मुलीसाठी मोडला' हे शब्द मला आधीच ऐकू यायला लागले. मी चौकोनात 'पर्सनल रीझन्स' लिहिलं आणि सही केली. ती थँक्यू म्हणून गेली.

त्या उन्हाळ्यात नव्या हेड आल्या. इतकी मुलं का सोडून जातात हे शोधा, असं म्हणत त्यांनी सगळ्या जुन्या फॉर्मांचं खोकं माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी एकेक काढून वाचत गेले. पर्सनल रीझन्स. पर्सनल रीझन्स. अक्षर माझं. मग मी पत्ते बघायला लागले. होस्टेलवर राहणारी मुलं त्यात फार थोडी होती. बाकीची हॅरोची, रीडिंगची, त्याच्याही पलीकडची, घरी राहून ट्रेन-बस करत येणारी. आम्ही इतकी वर्षं त्यांची केमिस्ट्री तपासतच नव्हतो, घर किती लांब आहे ते तपासत होतो. मला स्वतःची किळस आली.

मग मात्र मी भांडले. हिवाळाभर कमिटीच्या बैठका चालल्या. सकाळची लॅब दुपारी पुन्हा घ्या, सूचना छापून द्या, चुकलेली लॅब बुधवारी भरून घ्या, पहिल्याच गैरहजेरीला ट्यूटरने फोन करून विचारायचं, अशा माझ्या मागण्या. "हे विद्यापीठ आहे, नर्सरी नाही," एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. त्यांनी हँडबुक उघडून माझा नियम मलाच मोठ्याने वाचून दाखवला. सगळे हसले. "हो, मीच केलाय," मी म्हटलं, "आणि मी चुकले." मग नाव न घेता मी बसमध्ये गॉगल चढवणाऱ्या मुलीची हकिकत सांगितली. हसणं थांबलं. मागण्या मंजूर झाल्या, दाराचा नियम हँडबुकातून गेला.

पुढच्या वर्षी ईस्टरनंतर जवळजवळ सगळी स्टुलं भरलेली होती. हेडनी माझ्या कौतुकाचं पत्र पाठवलं. ते मी ड्रॉवरमध्ये उलटं ठेवलं.

त्या नियमामुळे गेलेल्यांना परत घ्यायलाही त्यांनी मान्यता दिली. ते सांगायला मी संक्रांतीच्या कार्यक्रमाला हॅरोला गेले. मुलगी हॉलच्या किचनमध्ये कप पुसत होती. एका ऑफिसात रिसेप्शनला बसते, असं कळलं होतं.

"परत ये," मी म्हटलं. "तो नियम गेला. कधीही आलीस तरी आत घेतील."

"आजोबा गेले, मावशी. लास्ट समरमध्ये." तिने पुढचा कप घेतला. "आता तर मी रोज नऊला पोचू शकते."

"मग ये ना गं."

"नको." कप पुसून झाला होता तरी ती पुसत राहिली. "त्या दिवशी तुम्ही मला बघितलं होतं ना? काचमधून?"

"हो," मी म्हटलं.

एवढ्यात तिची आई आत आली. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. "अहो, तुमचे किती उपकार मानू? ही सांगते ना, मावशींनी मला खूप सांभाळून घेतलं, माझंच मन लागलं नाही. आम्हीच कमी पडलो हो."

मुलीचा हात थांबला. ती माझ्याकडे बघत होती. कमिटीत भरल्या टेबलासमोर मी जे बोलले होते तेच एक वाक्य आता बोलायचं होतं.

"हुशार आहे हो तुमची मुलगी," मी म्हटलं.

आईने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. मी तो तोंडात टाकला. मुलगी पाठ फिरवून पुन्हा कप पुसायला लागली.