न चावलेले फुटाणे

माझ्या खुर्चीशेजारच्या ड्रॉवरमध्ये फुटाण्यांची बरणी असते. पुण्याला माझ्याबरोबर शिकलेली मैत्रीण एकदा वाशीमला आली, तेव्हा ती बरणी बघून पोट धरून हसली. म्हणाली, "अगं, दातांचा दवाखाना आहे की भडभुंज्याचं दुकान?" हसू दे. मी इथल्याच अनसिंग गावची. दात कसे दिसतात ते फोटोत कळतं, पण कसे चालतात ते खाताना बघावं लागतं. म्हणून मी प्रत्येक पेशंटला दोन फुटाणे देते आणि तो चावताना त्याच्या गालाला हात लावून बसते.

जिची ही गोष्ट, ती मुलगी तर पेशंट म्हणून आलीच नव्हती. आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावकडून तिची आई दाढ दुखते म्हणून आली होती, आणि ही आठवीतली पोर सोबत. काडीसारखी. मी विचारलं, "हिला काही त्रास?"

"नाई वो मॅडम, इचे दात तं मोत्यावानी हायेत. पोटच खराब हाये इचं. किती औषधं केली, पन अंगाले लागतच नाई. भाकर खायची म्हटली की नखरे. वरनात कुस्करून द्या लागते."

बोलता बोलता मी पोरीच्या हातावर फुटाणे ठेवले. तिने तोंडात टाकले, इकडून तिकडे फिरवले आणि आमचं लक्ष नाही असं बघून हळूच मुठीत काढले. मी मूठ उघडायला लावली. फुटाणे ओले झाले होते, पण अख्खेच्या अख्खे!

आरसा घालून पाहिलं. पुढचे दात खरंच मोत्यासारखे. मागे मात्र दोन्ही बाजूंच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या पार बाहेरून उतरलेल्या. मोठ्या डब्यात लहान डबा बसावा तसा खालचा जबडा वरच्याच्या आत गेलेला. दाढेवर दाढ टेकतच नव्हती, तर पोरगी चावणार कशानं? जन्मभर घास गिळत होती बिचारी, आणि घरचे म्हणत होते नखरे. असा जबडा मी पुस्तकात पाहिला होता, खऱ्या तोंडात पहिल्यांदाच.

पुढच्या खेपेला वडील आले. पोरीला दहावीनंतर अकोल्याला जाऊन शिकायचं होतं, आणि त्यांचा नकार पक्का होता. "घरी माय वरनात काला करून देते. तिथं कोन देईन? उपाशी मरीन पोट्टी." मी पुण्याच्या माझ्या सरांना तिच्या दातांचे फोटो पाठवले. ते म्हणाले, फार क्वचित दिसतं हे, प्रयत्न कर, पण शब्द देऊ नकोस, मोठेपणी ऑपरेशनही लागू शकतं. मी तेच वडिलांना सांगितलं. पोरगीच म्हणाली, "मॅडम, लावा तार."

आधी दाढांवर सिमेंटसारखा मसाला चढवून जबडा उघडा ठेवला, म्हणजे अडकलेल्या दाढांना सरकायला जागा मिळेल. मग तारा, आणि वरच्या दाढेच्या बाहेरून खालच्या दाढेच्या आतल्या बाजूला ताणलेले बारीक रबर. ते रोज तिनेच बदलायचे. सुरुवातीला पोरगी आणखी वाळली, आणि एके दिवशी वडील तणतणत आले.

"काढून टाका हे लोखंड! आधी थोडं तरी खाऊन राह्यली होती. आता तं तेही नाई!"

माझाही पारा चढला. "नांगरलेलं वावर पाहून कोणी पीक कुठं गेलं म्हणून भांडतं का? आता काढलं तर धड इकडची नाही, धड तिकडची नाही. थांबा जरा!" बोलले खरी, पण ते गेल्यावर तिचे फोटो पुन्हा काढून बसले. उद्या नाही जमलं तर? पोरगी मात्र जाताना रबराची पुडी मागून घेऊन गेली.

जमलं! एका खेपेला तिने फुटाणा तोंडात टाकला आणि माझ्या बोटाखाली गालाचा स्नायू टम्मकन उभा राहिला. पीठ झालं फुटाण्याचं. मी त्या दिवशी दवाखान्यात अक्षरशः टाळ्या पिटल्या. केलं मी हे, वाशीमात बसून केलं, आणि सांगायला मला काडीची लाज नाही. सरांनी ते फोटो पुढच्या मुलांना शिकवायला मागून घेतले.

दहावीचा निकाल लागल्यावर पोरीच्या घरच्यांनी वावरात रोडगे केले आणि मला बोलावलं. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे जाडजूड रोडगे, वांग्याची भाजी, वरण. आम्ही सगळे रोडगा वरणात कुस्करत होतो. आईने सवयीने पोरीच्या ताटातला रोडगाही फोडायला हात घातला.

पोरीने ताटावर हात आडवा धरला. "राहू दे वं आई." तिने रोडग्याचा वरचा खरपूस भाग तोडला आणि कोरडाच दाढेखाली घातला. कुर्रर्र असा आवाज आला. दुसरा तुकडा, पुन्हा तोच आवाज. माझ्या तर डोळ्यांना धार लागली.

वडिलांचा घास हातातच राहिला होता. पोरगी खात होती आणि ते नुसते ऐकत होते. मग त्यांनी वरणाचं भांडं तिच्यापुढून उचलून बाजूला ठेवलं आणि बायकोला म्हणाले, "उद्या अकोल्याले जाऊन इच्यासाठी खोली पाहून येतो."