शेजारचा ‘तो’

आमची ही लिहिते. आयुष्यभर पोळ्या लाटल्या आणि इथं अमेरिकेत, एडिसनला मुलाकडे आल्यावर लिहायला लागली. मी चौथी शिकलो, मग लेथवर उभा राहिलो तो रिटायर होईपर्यंत. त्यामुळे तिच्या लिखाणातलं मला काही कळत नाही, असं सगळे धरून चालतात. चालू द्या.

ती बघते फार. समोरची गोरी म्हातारी मेलेल्या नवऱ्याच्या नावाचं टपाल अजून छातीशी धरून आत नेते, हे आम्हा कुणालाच दिसलं नव्हतं. सूनबाई ऑफिसच्या फोनवर भलत्याच बाईच्या आवाजात बोलते, हेही हिनं लिहिलं. सून आठवडाभर घुश्शात होती. मी हसलो तेव्हा.

मग इथल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम झाला. शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला, मी कोट घालून पहिल्या रांगेत. हिनं नवा लेख वाचला, शेजारच्या एका म्हाताऱ्यावर. “तो मुलाबरोबर मोठ्या दुकानापर्यंत जातो, पण गाडीतून उतरत नाही. म्हणतो, मी राखण करतो. दुकानात कुणी गोऱ्यानं काही विचारलं तर त्याला उत्तर देता येणार नाही, एवढीच ती राखण.”

हॉल हसून हसून लोळला. शेजारच्या खुर्चीवरच्या बाई मला म्हणाल्या, “काका, काकूंनी काय पकडलाय हो माणूस!”

आमच्या एका बाजूला चिनी नवरा-बायको राहतात, दुसऱ्या बाजूचं घर विकायला काढलंय. गल्लीत मराठी म्हातारा एकच.

राखणीवर लोक हसले, त्याचं एवढं नाही. खुपलं ते ‘तो’. लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झाली. भांडताना, रागानं थरथरतानासुद्धा माझ्याबद्दल हिच्या तोंडून कधी एकेरी गेलं नाही. नातू मला “आजोबा, तू कम” म्हणतो. त्याला तेवढंच मराठी येतं, ते सोडून दिलं मी. पण हिनं? तो जातो, तो बसतो, तो म्हणतो. मुकादम हेल्परबद्दल बोलतो तसं.

घरी आल्यावर जेवता जेवता विचारलं, “कोण गं तो शेजारी?”

“आहे एक.”

“त्याला अहोजाहो करायला हात मोडतात?”

ती मेथी निवडत राहिली. “अहो, ‘ते’ लिहिलं की माझं पेन अदबीनं उभं राहतं. मग खरं लिहवत नाही.”

“म्हणजे इतकी वर्षं खोटं बोललीस?”

“बोलले कुठं? गप्प बसले.”

त्यावर मी ताट सरकवून उठलो. तिनं ते झाकून ठेवलं.

आता मंडळ तिच्या लेखांचं पुस्तक काढतंय. परवा ते काम बघणाऱ्या मुलाचा फोन आला. नागपूरचा आहे, आयटीतला. हिनं फोन स्पीकरवर टाकला.

“काकू, एक सजेशन होतं. तो म्हाताऱ्याचा लेख आहे न, त्यात ‘तो’चं ‘ते’ करून टाकू का? वयस्कर माणूस आहे, ऑड वाटते न.”

हिनं फोन माझ्यापुढं सरकवला. “यांना विचार. हे म्हणतील तसं कर.”

“बोला न काका. चेंज करू?”

एक ‘हो’ म्हणायचं होतं. त्यासाठीच तर आठवडे धुमसत होतो. पण मी ‘हो’ म्हटलं की तो विचारणार, काका, तुम्ही ओळखता का त्यांना? आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या मंडळाला कळणार, शेजारी कोण ते. ही मान वर करून माझ्याकडे बघत होती. लिहायला बसण्याआधी बघते तशी.

“शेजाऱ्याचं मला काय करायचंय?” मी म्हटलं. “राहू दे ‘तो’च.”

“ओके काका, फायनल करतो मग.” फोन बंद झाला.

“तुम्हाला चहा ठेवू का हो?” तिनं विचारलं. अगदी अदबीनं.

मी नको म्हटलं.