नानांनी मारलेला शेरा

हेडक्लार्क नाना इतके भिडस्त, की शिपायालाही ‘वेळ असला तर बघ हं’ असं म्हणून काम सांगायचे. कार्यालयात त्यांना वाईट म्हणणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. म्हणूनच ही गोष्ट बारा वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही. खुद्द नानांच्याही नाही.

तळमजल्यावर आवक-जावकच्या खिडकीत ताई बसायची. काखेत दोन कुबड्या, आवाज खणखणीत, आणि कुठला कागद कुणाच्या टेबलावर अडकलाय ते तोंडपाठ. तिच्या बढतीची फाइल तीनदा नानांकडे आली. बढतीची जागा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या नावाने शंख. नानांचा जीव कळवळायचा. पोर रोज एवढा जिना चढणार कशी? मग आपल्या वळणदार अक्षरात ते शेरा मारायचे, ‘सदर कर्मचारी बढतीस इच्छुक नाहीत.’ तिला विचारायचं? छे, उगाच दुखऱ्या जागेवर बोट कशाला ठेवा. शेरा मारला, की पुण्य पदरात पडल्यासारखे ते चहाला जायचे. वाटेत ताई दुपारचा डबा बाजूला ठेवून नोंदी पुन्हा तपासताना दिसायची. ‘फार कामसू हो,’ असं ते कौतुकानं म्हणायचे.

यंदा वरून परिपत्रक आलं. अपंग कर्मचाऱ्यांना समान संधी मिळते की नाही ते कळवा, आणि ज्यांनी बढती नाकारली त्यांची सही घ्या. नानांच्या निवृत्तीला दोन महिने उरलेले. चौकशी लागली, तर उभ्या नोकरीत कमावलेलं नाव मातीत.

शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, “त्यात काय एवढं? वीस कागदांत घाला आणि घ्या सही. तुमचा कागद ती वाचते थोडीच.”

हे खरं होतं, आणि तेच नानांना बोचलं. तरी त्यांनी गठ्ठा बांधला. लाज वाटत होती, पण बांधला.

ताईनं गठ्ठा घेतला आणि ती न वाचता सह्या करत सुटली. पाच झाल्या, सहा झाल्या. सातव्या कागदावर नानांनी हात ठेवला.

“हा वाच, ताई.”

तिनं वाचला. मग पुन्हा वाचला.

“तीनदा नाकारली? मी?”

“मीच लिहिलं. तुला त्रास नको म्हणून.”

तिनं पेन खाली ठेवलं. “मला वाटायचं, माझंच काम कमी पडतंय. डबा बाजूला ठेवून सगळं दोन-दोनदा तपासायचे मी. एकदा विचारलं असतंत, तर सांगितलं असतं की ते टेबलच खाली आणा. चार माणसं पुरली असती, नाना.”

एवढी साधी गोष्ट बारा वर्षांत आपल्याला सुचली नाही, या विचारानं नानांची मान वर होईना.

“यावर मी सही करणार नाही,” ती म्हणाली. “खरं काय ते तुम्हीच लिहा.”

नानांनी उभ्याउभ्याच लिहिलं, ‘कर्मचाऱ्यास कधीही विचारले नव्हते. चूक माझी.’ अक्षर पार वाकडं आलं. खाली सही केली.

ताईनं कागद आवकेत नोंदवला, शिक्का मारला आणि खिडकीवरच्या कुणाही परक्या माणसाला द्यावी तशी त्याची पोच त्यांच्या हातात दिली.

“पुढचे कोण?” तिनं विचारलं, आणि नाना बाजूला झाले.