उपरण्याखालची तिसरी

एका माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही. माणूस हयात नाही, त्यामुळं राग काढायला जागा उरली नाही, एवढंच.

रंगूनमध्ये बारा वर्षं मी चादरी विकल्या. बायकोला तिथली हवा सोसेना म्हणून दुकान मोडलं, बोटीनं मद्रास गाठलं आणि तिथून गाडीनं सोलापूर. उतरलो तेव्हा दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. शाळा तर जूनलाच भरलेल्या. माझी मुलगी नऊ वर्षांची, तिकडं तिसरीत शिकत होती.

माझ्या आईनं पहिल्याच दिवशी निकाल दिला. "तिसरीत घेत्यात तर जाऊ दे. बारक्या पोरींत बसवत असतील तर नगं. सोयरं हसत्याल. त्यापरीस चुलीपाशी बसंल, चार कामं शिकंल." आईपुढं माझी घासाघीस कधी चालली नाही. पोरीनं सगळं ऐकलं. सकाळी माझ्याआधी वेणी घालून उंबऱ्यात उभी होती.

मुलींच्या शाळेचे हेडमास्तर पांढऱ्या मिशांचे, तपकीर ओढणारे गृहस्थ होते. मी दाखला पुढं केला. त्यांनी तो सरळ धरला, उलटा धरला, पुन्हा सरळ धरला.

"जिलेब्या सुरेख काढल्यात. वाचायच्या कुठून?"

"बर्मी अक्षर हाय ते, मास्तर. तिसरी लिवलीय त्यात."

"तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाई."

"मग कसं कळलं?"

"पोरीनं सांगितलं की."

"वा शेठ! म्हणजे फिर्यादी तीच आणि साक्षीदारही तीच."

बाकावर दाखल्यासाठी बसलेली चार माणसं हसली. माझं डोकं तिथंच तापायला लागलं होतं. तरी मी आवाज खाली ठेवला आणि चौथी मागितली. तिसरी हवी असली तर चौथीपासून सुरू करायचं, हे बाजारातलं शेंबडं पोरही सांगेल.

मास्तरांनी पोरीला पावकी म्हणायला सांगितली. पाढे तिला तिसापर्यंत येत होते, पण पाव-निम्म्याचे पाढे रंगूनला कोण शिकवणार?

"बिगारी," मास्तर म्हणाले.

म्हणजे पहिलीच्याही खालचा वर्ग; ते दुसऱ्या टोकापासून सुरू करत होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"आठ दिवसांत पावकी पाठ करून घेतो. तिसरी द्या."

"वर्ष अर्धं सरलंय. बिगारीत बसू दे, जूनला बघू."

आता, चार लोकांच्या देखत भाव बोलायचा नसतो. मी लहानपणी वैरागच्या बाजारात बापाबरोबर बैलांच्या सौद्यांना जात असे. तिथं घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालतात, बोटं धरून भाव सांगतात, आणि तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा मारतात. त्यामुळं कुणीच कुणापुढं पडत नाही. मास्तरांचीही लोकांपुढं अडचण होत असेल, म्हणून मी खांद्यावरचं उपरणं त्यांच्या हातावर टाकलं आणि खालून त्यांची तीन बोटं धरली.

मास्तर ताडकन उठले. "लाच! मला लाच देता?" त्यांनी हात झटकला, बोटं फाकवली आणि रिकामा पंजा त्या चौघांपुढं फिरवला. "बघा, बघा सगळ्यांनी! काही घेतलेलं नाही!"

सौद्यात हात झटकणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं. मग मीही मागं पाहिलं नाही. मास्तरांचं, त्यांच्या शाळेचं आणि त्यांच्या पावकीचं जे काही काढायचं ते काढलं आणि तरातरा निघालो. फाटकापाशी आल्यावर ध्यानात आलं की पोर मागं नाही.

परत गेलो तर ती बिगारीच्या वर्गात उकिडवी बसली होती. समोर विणकरांची एक चिमुरडी गळा काढून रडत होती आणि बाई कपाळाला हात लावून उभ्या. "अर्धा तास झाला, तेलुगूत काय सांगतेय कळेना मला!" रंगूनला आमच्या शेजारी सगळी तेलुगू घरं, त्यामुळं माझ्या पोरीला ती भाषा मराठीसारखीच येत होती. तिनं दोन प्रश्न विचारले आणि वळून म्हणाली, "बाई, हिनं पेन्सिलीचा तुकडा नाकात घातलाय."

एवढ्यात आरडाओरडा ऐकून मास्तर आले. पोरीनं त्यांच्यापुढं हात पसरला. "मास्तर, तपकीर द्या." मास्तरांनी मुकाट्यानं डबी काढली. चिमटीभर तपकीर, एक दणदणीत शिंक, आणि तुकडा बाईंच्या पायाशी.

"निम्मा वर्ग असाच तेलुगू आहे," बाई मास्तरांना म्हणाल्या. "हिला माझ्याकडंच बसवा."

"न्हाई!" मी ओरडलो. "बिगारीत बसली तर हिची शाळा सुटंल!"

"आबा, थांबा जरा," पोर म्हणाली आणि मास्तरांकडं वळली. "मी तिसरीत बसते. रोज मधल्या सुट्टीनंतर एक तास हितं येते, ह्यांचं बाईंना सांगते. पण परीक्षा तिसरीचीच घ्यायची. पावकी आबा शिकवतील."

मास्तरांनी मिशीवरची तपकीर झटकली. मग माझ्याजवळ आले. आपल्या खांद्यावरचं उपरणं माझ्या हातावर टाकलं आणि खालून माझी तीन बोटं घट्ट धरली.

"काय पावनं, औंदा तुमच्याकडं पाऊस कसा काय?" मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुमास्नी येतंय हे?"

"करमाळ्याचा हाय मी. बाप बैलांचा दलाल होता की."

म्हणजे या माणसाला बोटांची भाषा येत होती, आणि तरी त्यानं चार लोकांत माझा हात झटकला! पोरगी तिसरीत बसली, पुढं सातवी झाली, त्याच शाळेत बाई झाली. दर दिवाळीला मास्तरांकडं फराळाचं ताट घेऊन जायची आणि मलाही चला म्हणायची. मी गेलो नाही. सौदा झाला, माल चोख निघाला, सगळं खरं. पण झटकलेला हात तो झटकलेलाच.